मालवणचा सूर्योदय आणि बाळासो

३ जानेवारी
संकल्प. फोटोग्राफी क्लबच्या प्रदर्शनात यंदा पहिला नंबर आपला. विषय: किनाऱ्यावरची सकाळ. बाकीचे होड्या आणि जाळी काढत बसतील. आपण थेट समुद्रातून वर येणारा सूर्य. कोकणातून असा फोटो अजून कुणी आणला नाही, याचंच नवल वाटतं. लोकांना पहाटे उठायला नको.

४ जानेवारी
हॉलमधल्या मोक्याच्या खिळ्यावरून सासरे उतरवले. तिथं माझा फोटो लागणार. हिला नीट समजावून सांगितलं. दुपारपासून बोलत नाही.

७ जानेवारी
पहाटे साडेचारला उठायचा सराव. आज पावणेआठ. अलार्म वाजला होता म्हणे. फोनवर विसंबण्यात अर्थ नाही, सोबत बाळासोला नेतो. कसबा बावड्यात त्याचा गोठा, धारेला चारलाच उठतो. शिवाय मी मोजणी खात्यात असताना त्याचा आणि चुलतभावाचा बांध मीच मोजून दिला. तेव्हापासून भाऊ त्याचं तोंड बघत नाही, पण बाळासोची माझ्यावर श्रद्धा. दिशा दाखवावी तर सायबांनीच, असं चारचौघांत सांगतो. गंमत म्हणून त्याचाही प्रदर्शनाचा फॉर्म भरला. बिचारा खूश झाला.

१० जानेवारी, मालवण, संध्याकाळ
सूर्य समुद्रात बुडाला. बुडाला तिथं नेम धरून वाळूत खूण केली. उद्या साधारण तिथूनच वर येणार. बाळासो काहीतरी बोलणार होता. म्हटलं, टेक्निकल आहे, राहू दे.

११ जानेवारी, सकाळी ६.१५
ट्रायपॉड लावून तयार. बाळासो मागं बसून म्हशींची आठवण काढतोय.

६.५५
उजाडतंय. सूर्य नाही.

७.२०
लख्ख उजेड. ढग नाहीत, सूर्यही नाही. पाठ मात्र तापायला लागलीय.

७.२५
सूर्य मागं आहे. माडांच्या वर. म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या अंगानं आला. आपलाच सूर्य, आणि आपल्यालाच दगा.

दुपारी
बाळासोला विचारलं, तुला ठाऊक होतं? व्हय की, म्हणाला. मग बोलला का नाहीस? तर म्हणे, तुमी मोजणीचं सायेब, मला वाटलं काय तरी स्कीम असंल. येताना गाडीत त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. आंबोलीला चहा त्यानंच पाजला.

१ फेब्रुवारी
प्रदर्शन. शेवटी मीही होडीच दिली. उत्तेजनार्थसुद्धा नाही.
पहिला नंबर बाळासोचा. मोबाइलवर काढलेला. कोवळं ऊन, सोनेरी वाळू, आणि समुद्रावर कॅमेरा रोखून बसलेला एक पाठमोरा माणूस. टकलावर ऊन चमकतंय. परीक्षक म्हणाले, प्रकाश काय पकडलाय. टक्कल माझं आहे. पंचवीस वर्षांची दोस्ती, आणि मला विचारलंसुद्धा नाही. फार लागलं मनाला.
घरी आलो तर सासरे परत खिळ्यावर. ही खाली उभी. दोघंही हसत होते.

८ फेब्रुवारी
बाळासोला माफ करायचं ठरवलं. मोठेपणा आपल्याकडं आहे. आज ना उद्या तोंड पाडून येईलच. हिला चहाचं आधण ठेवायला सांगितलं.

संध्याकाळी
आला नाही. जुन्या ऑफिसातून शिवशरणचा फोन आला. बाळासो आज तिथं गेलता म्हणे. सोबत चुलतभाऊ, खांद्यावर हात टाकून. दोघांनी मिळून बांधाच्या फेरमोजणीचा अर्ज दिलाय. अर्जाला पुरावा म्हणून फोटो जोडलाय.
शिवशरण म्हणाला, पाठमोरे असलात तरी सगळ्यांनी लगेच ओळखलं.