खुडूक दोघी

४ फेब्रुवारी

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुला दवाखान्यात नुसतं पडून राहायला सांगितलंय आणि आराम मिळावा म्हणून दाजींनी तुझा फोनही काढून घेतलाय, म्हणून पत्र लिहितो. घर ठीक आहे. दुकानांच्या पाट्या रंगवून मी रोज उजेड असतानाच परततो. खुराड्याची कडी लावतो, पुन्हा जाऊन बघतो, आणि अंथरुणात पडलो की वाटतं, नाहीच लावली. परसात टोमॅटोची रोपं लावली. दोरी धरून रांग सरळ केली, एकेक रोप काठीला बांधलं. सकाळी माझा चहा होईपर्यंत कोंबड्यांनी सगळी उकरून काढली. एक तर मला दाखवायलाच दारात आणून टाकलं होतं.

तुझी लाडकी लंगडी खुडूक झाली आहे. टोपलीतून हलत नाही, हात नेला की फुगून अंगावर येते. मी तिच्याखाली सात अंडी ठेवली आहेत. एकवीस दिवसांत पिल्लं निघतील. बाळाची हालचाल नीट आहे ना? डॉक्टरीणबाई काय म्हणतात ते लिही.

तुझ्या लोभावर विसंबलेला,
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. घाबरट बंधुराजांस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की नर्स धावत आली. दोरी लावणारा माळी कोंबड्यांनी कधी पाहिला नसेल. त्यांना वाटलं असेल, आपल्यासाठी पान मांडलंय!

म्हणजे आता आम्ही दोघी खुडूक. ती उठत नाही, मला उठू देत नाहीत. जवळ कुणी आलं की मीही फुगते, तुझ्या दाजींना विचार. बघू आधी कुणाची सुटका होते. तिला रोज एकदा उचलून बाहेर काढ, नाहीतर खायचं विसरेल.

डॉक्टरीणबाई मला छान चाललंय म्हणतात आणि यांना घेऊन दाराबाहेर जातात.

माया आहेच. ती कडीसारखी सारखी तपासू नकोस.
तुझी ताई

२५ फेब्रुवारी

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आनंदाची बातमी. पिल्लं निघाली. सातही निघाली. पिवळी आहेत. लंगडी त्यांना घेऊन फिरते. तेव्हा तुझंही चांगलंच होणार, काळजीचं कारण नाही. दाजींचा फोन आला होता, तेही म्हणाले, काळजीचं कारण नाही. टोमॅटोंना जाळी लावली. हवा चांगली आहे.

लोभ असावा.
धाकटा

१ मार्च

चि. बंधुराजांस,
अ. उ. आ.

अरे वेड्या, आपल्या खुराड्यात कोंबडा कुठे आहे? मी माहेरी असताना, पहाटे आरवतो म्हणून मागच्या घरातल्या बाई भांडायला आल्या, तेव्हाच मी तो दूधवाल्याला देऊन टाकला. कोंबडा नसेल तर अंडी उबवून नासतात, पिल्लं निघत नाहीत. तुझ्या पहिल्या पत्रातच मला सगळं कळलं होतं. पण तू इतका खुशीत होतास की म्हटलं, हिरमोड कशाला करू.

या पिवळ्या पत्राने मात्र माझी झोप उडवली. उठता बसता काळजी करणारा माझा भाऊ काळजीचं कारण नाही असं लिहितो, म्हणजे कारण नक्की आहे. इथे सगळे तुझ्यासारखंच बोलतात. सासूबाई माझे पाय चेपतात! नऊ वर्षांत कधी चहा विचारला नव्हता. पोट माझं, आणि त्यातली बातमी मला सोडून सगळ्यांना. तू दाजींना विचार आणि मला खरं काय ते लिही. तुला खोटं जमत नाही, म्हणून तुलाच सांगतेय.

रागावले आहे, तरी तुझीच,
ताई

५ मार्च

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

चुकलो. कोंबड्याचं शेजारच्या काकूंनी मला मध्येच सांगितलं होतं, पोट धरधरून हसत. तेव्हाच तुला कळवणार होतो. पण तू आम्ही दोघी असं लिहिलं होतंस. तिची अंडी नासली हे तुला कोणत्या तोंडाने लिहू? एक तर माझ्या हातातच फुटलं, वास अजून जात नाही. लंगडी रिकाम्या टोपलीत बसून आहे.

दाजींना फोन केला. आधी ते चिडले, मग सगळं सांगितलं. म्हणाले, हे तिला कळवलंस तर माझा उंबरठा चढू नकोस. तरी लिहितो. बाळाची वाढ मंदावली आहे. त्याला आत पुरेसं मिळत नाही. मुदतीआधी, याच महिन्यात, ऑपरेशन करून काढावं लागेल. ते फार लहान असेल, काचेच्या पेटीत ठेवतील. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशी बरीच बाळं वाचतात, सगळी नाही. शब्द त्यांचेच आहेत, मी दाजींकडून पुन्हा वदवून घेतले.

पत्र टाकायला जाताना पाय मागे फिरतील, म्हणून तिकीट आधीच चिकटवलंय.

लोभ राहिला असेल तर असू दे.
धाकटा

९ मार्च

चि. बंधुराजांस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग पोटभर जेवले. मग यांना आणि डॉक्टरीणबाईंना समोर बसवलं आणि सांगितलं, यापुढे जे बोलायचं ते माझ्यासमोर. हे तुझ्यावर ओरडणार होते, पण माझ्याकडे बघून त्यांनाच हुंदका फुटला. इतके दिवस बिचारे बाहेर डोळे पुसून आत हसत यायचे. आता दोघं मिळून घाबरतो. त्यातल्या त्यात बरं आहे.

ऑपरेशन सोमवारी. बाईंनी दोन दिवस सुचवले, त्यातला एक मी निवडला. खात्री देत नाहीत, आणि मीही मागितली नाही.

उंबरठ्याचं मनावर घेऊ नकोस, बोलावणं दाजींचंच आहे. कोंबड्या काकूंच्या हवाली कर आणि रविवारी ये. बाळ पेटीत असेपर्यंत त्या काचेशी कुणीतरी सारखं बसायला हवं. पेंगणार नाही, शंभरदा उठून बघेल असं माणूस आपल्यात एकच आहे.

वाट बघते.
तुझी ताई