उपाशीपोटीचा आकडा

प्रिय ठमाबाई,

फोनवर तुझा आवाज ऐकला की माझी दातखीळ बसते, म्हणून लिहितोय. आधी पुरतं वाच, मग बापाला काय बोलायचं ते बोल.

साखर मोजायचं यंत्र तू आणलंस तेव्हा गिऱ्हाइकांना बोलावून दाखवलं होतं मी. चाळीस वर्षं सुई धरलेला शिंपी, बोट टोचायला थोडाच घाबरतोय! भीती आकड्याची होती गं. पहिल्याच आठवड्यात उपाशीपोटी दोनशे चाळीस आले आणि तू फोनवर एकदम गप्प झालीस. रागावली असतीस तर परवडलं असतं. त्या दिवशी मी एका कोटाची बाही दोनदा उलटी जोडली.

दुसऱ्या सकाळी तुझ्या आईला म्हटलं, तुझं बोट दे, यंत्र बिघडलंय का बघू. शंभर आले. तेच तुला कळवले. तू इतकी हरखलीस, शाबासकी दिलीस, की मग दीड वर्ष तेच चाललं. बोट आईचं, नाव माझं. पोरीला फसवताय म्हणून ती कुरकुरायची, पण बोट पुढे करायची. मी मापांच्या वहीत आकडे लिहून तुला फोटो धाडायचो आणि वर दोन चमचे साखरेचा चहा ढोसायचो. लाज वाटायची. तीही गिळायचो.

महिन्यापूर्वी आईचा आकडा एकशे ऐंशी आला. मी मनातल्या मनात यंत्रावर खापर फोडलं. मग दोनशे दहा, दोनशे साठ. तिला सारखी तहान लागायची, काजं करताना धुरकट दिसायचं. आणि मी तिला काय सांगत होतो? शंभरच आहे. खरं बोललो असतो तर तिने तुला सांगितलं असतं आणि माझं बिंग फुटलं असतं. एवढ्यासाठी, ठमे, तिला महिनाभर अंधारात ठेवलं मी.

काल तिने चष्मा लावून आकडा स्वतःच वाचला. माझा हात ओढला आणि माझं बोट टोचलं. तीनशे दहा. मग वहीत पट्टीने दोन रकाने आखले, एक तिचा, एक माझा. उद्या दोघांनाही डॉक्टरांनी बोलावलंय. तिच्या शेजारी बसायची छाती होत नाही, पण बसणार आहे.

लिहितोय ते एवढ्यासाठी. रविवारी तुझा फोन आला की आई सांगणार आहे, यंत्र मेलं बिघडलं होतं, बाबांचा काही दोष नाही. मी ऐकलंय तिला घोकताना. विश्वास ठेवू नकोस. यंत्र ठणठणीत आहे.

तुझाच, खाली मान घालून,
बाबा