बोर्ड बंद

पिपलानी, भोपाळ
१२ जुलै २०२५

प्रिय वसुधा,

सप्रेम नमस्कार. कशी आहेस हे विचारायचा मला हक्क नाही, तरी विचारते. आम्ही बरे आहोत. आमची जुई आठवीत गेली. तुझं अवधपुरी इथून काही लांब नाही, पण तुझ्या दारात उभं राहायला तोंड नाही, म्हणून पत्र.

शाळेत सगळं तसंच आहे. स्मार्ट बोर्ड प्लास्टिकच्या कव्हरात, रिमोट सक्सेना सरांच्या कपाटात. प्राचार्य आहेत की बोर्डाचे चौकीदार, देव जाणे! "मॅडम, बच्चे खराब कर देंगे." तीन वर्षांत एकदाच लागला, उद्घाटनाला. आणि आज बोर्डावर काय शिकवलं, ते मात्र रोज रजिस्टरात भरायचं.

तुला कोणी सांगितलं होतं गं खरं लिहायला? रोज आपलं 'बोर्ड बंद', 'बोर्ड बंद'. आम्ही सगळ्याजणी भरत होतोच की! मी लिहायचे, 'पचनसंस्था, व्हिडिओ, वीस मिनिटं'. तू वर्गभर सुतळी पसरून आतडं किती लांब असतं ते दाखवलंस. पोरींना अजून आठवतं. पण सुतळीला रजिस्टरात रकाना नव्हता. त्याच रजिस्टरावर बोट ठेवून सरांनी तुला काढलं. म्हणे, तंत्रज्ञान वापरत नाही. आणि मला 'तंत्रस्नेही शिक्षिका' म्हणून शाल! विज्ञानाचा निकाल तुझ्या वर्गाचा चांगला होता, माझ्या नाही. ती शाल बघितली की अंगाची लाही लाही होते.

तू लिहितेस, चौकशीत बोर्ड चालतो असं कोणी सांगितलं ते कळलं नाही. किती भोळी गं तू. मी सांगितलं. सर शेजारीच बसले होते. "बोर्ड तो चलता है ना, मॅडम?" मी मान डोलावली. नुसती मान नाही, कागदावर सहीसुद्धा केली.

आता अपिलासाठी तू माझाच लेखी जबाब मागतेस. पंधरा दिवस तुझं पत्र पर्समध्ये घेऊन फिरते आहे. नाही देणार मी. माझी नोकरी गेली की जुईची अर्धी फी माफ आहे तीही जाईल, आणि यांचं कारखान्यातलं काम मार्चमध्येच सुटलंय. तू खरी आहेस हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि तरीही देणार नाही. लाज वाटते, वसुधा. शिव्या घाल, ऐकून घेईन.

खाली नाव घालत नाही. अक्षर तू ओळखशील. बिनसहीचं पत्र सुनावणीत चालत नाही, हे मी आधीच विचारून घेतलंय.

तुझी एके काळची मैत्रीण