ओव्हन आणि पाचवा ‘का’

२९ मार्च, रविवार. सकाळ.

ओव्हन तापत नाही. मीनाने नानकटाईचा ट्रे आत ठेवला, अर्ध्या तासाने काढला, नानकटाई जशीच्या तशी. गार. दिवा लागतो, टायमर टिकटिकतो, शेवटी टिंगसुद्धा वाजतं. बाकी सगळं व्यवस्थित आहे, फक्त तापत नाही.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. रिटायर झाल्यापासून या घरात माझ्या लायकीचा एकही प्रॉब्लेम आला नव्हता. उभा जन्म सातपूरच्या कंपनीत, क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये काढला. मशीन बंद पडलं की लोक आधी माझ्याकडे बघायचे. (मग मेंटेनन्सला बोलवायचे, तो भाग वेगळा.)

मीनाने विचारलं, अहो, ओव्हनजवळची पक्कड कुठंय? मी म्हटलं, विषय ओव्हनचा चाललाय, पक्कडीचा नाही. विषयांतर ही तिची जुनी सवय.

संकल्प : पुढच्या रविवारच्या आत ओव्हन चालू. बाहेरचा मेकॅनिक आपल्या उंबऱ्याच्या आत येणार नाही.

त्याच दिवशी, दुपार.

रेकॉर्डसाठी पार्श्वभूमी. फेब्रुवारीत मी घरात कंपनीची पद्धत लागू केली. प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक जागेला लेबल. लेबलचं छोटं मशीनच आणलं. स्वयंपाकघरातले सगळे डबे एका दुपारी उरकले. मीना मात्र लेबल वाचतच नाही, सवयीने हात घालते. शिस्त नाही.

ओव्हनची अवस्था तर बघवत नव्हती. आमची मुलगी तेजल शाळेत होती तेव्हाचा ओव्हन. मधला नॉब, म्हणजे वरचा रॉड, खालचा रॉड की दोन्ही हे ठरवणारा, तो गळून पडलेला. नुसती दांडी बाहेर. शेजारी खिळ्याला सुतळीने पक्कड टांगलेली आणि मीना त्या पक्कडीने दांडी फिरवून केक करायची! वर्षानुवर्षं! मी ड्रॉवरमधून नॉब शोधला, दोन ट्यूबवाला गोंद कालवला आणि असा बसवला की आता हत्तीने ओढला तरी निघणार नाही. पक्कड योग्य जागी हलवली.

ती जागा कोणती हे आत्ता आठवत नाही. पण ती योग्य आहे.

३० मार्च, सोमवार.

ओव्हन डायनिंग टेबलवर घेतला. जेवण जमिनीवर.

कंपनीत आमच्याकडे पद्धत होती, पाच वेळा ‘का’ विचारायचं. पाचव्याला खरा गुन्हेगार सापडतो. टेबलावरच केलं.

ओव्हन का तापत नाही? रॉड तापत नाहीत म्हणून.
रॉड का तापत नाहीत? करंट पोचत नाही.
करंट का पोचत नाही? मधे काहीतरी बिघडलंय.
का बिघडलं? वापर चुकीचा झाला. (मीना.)

पाचवा ‘का’ लिहिणार तेवढ्यात मीनाने चहाला हाक मारली. हरकत नाही, चौथ्यालाच उत्तर मिळालं होतं.

१ एप्रिल, बुधवार.

समोरच्या फ्लॅटमधल्या राखी आल्या होत्या. यंदा महिला मंडळाच्या सेक्रेटरी. जय भीम झाला, पाणी झालं, मग त्यांनी टेबलावरचे स्क्रू पाहिले आणि मुद्द्यावर आल्या. चौदा एप्रिलचा केक. आम्ही इंदिरानगरला राहायला आलो त्या वर्षापासून जयंतीचा केक मीनाच करते. पहिल्या वर्षी कॉलनीत आपली चारच घरं होती, एकच ट्रे पुरला होता. आता चार ट्रे जोडून एक मोठा केक होतो. पण यंदा पोरांचं म्हणणं पडलं की बेकरीतून फोटोवाला तीन मजली आणू. राखी म्हणाल्या, काकू, मला तुमचाच हवाय, पण ओव्हनचा भरवसा नसेल तर बारा तारखेपर्यंत सांगा, मग बुकिंग करावं लागेल.

मी मधेच म्हटलं, ओव्हनची जबाबदारी माझी. राखींनी मीनाकडे पाहिलं. मीनाने माझ्याकडे पाहिलंच नाही.

त्या गेल्यावर मीनाने केकचे ट्रे काढले आणि परत आत ठेवले. मग म्हणाली, पोरांना माझा केक नको झाला असेल तर तसं सांगावं सरळ. मी म्हटलं, रविवारपर्यंत थांब. ती म्हणाली, पक्कड द्या. मी म्हटलं, पक्कडीचं बघू.

३ एप्रिल, शुक्रवार.

मल्टीमीटर आणला. छान पिवळा आहे. आकडे दाखवतो. आकड्यांचा अर्थ काय हे ठरवायचं बाकी आहे.

तेजलचा पुण्याहून फोन. तिला सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, पप्पा, मम्मीला विचारलं का, ओव्हन ती कसा चालवायची? मी समजावलं, बेटा, ऑपरेटरचा जबाब सगळ्यात शेवटी घ्यायचा असतो, कारण ऑपरेटर नेहमी स्वतःला वाचवतो. पलीकडून काही आवाज आला नाही. नेटवर्क खराब असावं.

माळ्यावर पक्कड शोधली. नाही. लेबल लावलेली सगळी खोकी तपासली. पक्कड हरवली असं मी म्हणणार नाही. पद्धत नवीन असली की अशा किरकोळ अडचणी येतात.

५ एप्रिल, रविवार.

संकल्पाचा दिवस. ओव्हन चालू नाही. संकल्पात ‘पुढचा रविवार’ असं लिहिलं आहे आणि पुढचा रविवार बारा तारखेलाही येतो. म्हणजे वेळ आहे.

नवनाथला बोलावलं. कंपनीत मेंटेनन्सला होता, आता घोटीला भाताची शेती बघतो. येताना पाच किलो इंद्रायणी घेऊन आला. ओव्हनकडे बघून म्हणाला, साहेब, रॉडच गेले आसतील, दुसरं काय. घोटीत माझ्या साडूचं मोटार वायंडिंगचं दुकान हाय, तिथं चेक करून आणतो, टेन्शन नाय घ्यायचं. दोन्ही रॉड काढून गाडीच्या डिकीत टाकले आणि गेला. माझंही तेच निदान होतं. दोन अनुभवी माणसं एका मतावर आली की शंकेला जागा राहत नाही.

मीना जेवताना म्हणाली, त्या बटणाचं काहीतरी आहे हो, तुम्ही ते चिकटवल्यापासून... मी तिला शांतपणे थांबवलं. ओव्हनला सध्या रॉडच नाहीत, तर बटणाची चर्चा कशाला? तिने कढी वाढली. बरीच कमी वाढली.

८ एप्रिल, बुधवार.

नवनाथचा फोन लागत नाही. रात्री लागला. मागे बँड वाजत होता. पुतण्याचं लग्न. ओरडून म्हणाला, साहेब, रॉड लय सेफ हायेत, डिकीतच हायेत!

दरम्यान मी थर्मोस्टॅट साफ केला. साफ करताना एक स्प्रिंग उडून फ्रिजखाली गेली. काढली. ती थर्मोस्टॅटचीच होती की आधीपासून फ्रिजखाली होती, हे नक्की सांगता येत नाही. बसवून टाकली.

संध्याकाळी मीना ऑफिसातून (तिची नोकरी अजून चालू आहे) आली ती एक मोठा डबा घेऊन. मैदा, लोणी, व्हॅनिला. मी म्हटलं, एवढ्यात कशाला आणलंस? ती म्हणाली, चौदा तारीख माझ्यासाठी थांबणार नाही. आवाज चढला नव्हता. चढला असता तर परवडलं असतं.

१० एप्रिल, शुक्रवार.

नवनाथ आला. रॉड दोन्ही ठणठणीत! साडूने लावून दाखवले, लालबुंद झाले म्हणे. सोबत लग्नाचे लाडू. लाडू उत्तम.

रॉड ठीक म्हणजे माझं निदान चुकलं असा कोणी अर्थ काढेल. तसं नाही. एक शक्यता निकालात निघाली, म्हणजे आपण एक पाऊल पुढे आलो.

रॉड परत बसवले. चालू केला. पूर्ण जिन्याची लाइट गेली. वरच्या मजल्यावरच्या रंगूबाई काठी टेकत खाली आल्या आणि म्हणाल्या, प्रफुल्ल, अरे जयंतीची लायटिंग लावायच्या आधीच अंधार केलास की रे. मी हसून सोडून दिलं. एक वायर बॉडीला टेकत होती. टेप लावला. लाइट राहिली. ओव्हनचा दिवा लागला. टायमर टिकटिकला. आत हात घातला. फ्रिजपेक्षा थोडा गरम होता.

१२ एप्रिल, रविवार.

ओव्हन पूर्ण जोडला. तीन स्क्रू उरले. पूर्वीच्या काळी लोक जास्तीचे स्क्रू लावायचे.

चालू केला. मधला नॉब बरोबर ‘दोन्ही रॉड’वर. अर्धा तास थांबलो. आत लोण्याचा तुकडा ठेवला होता चाचणीसाठी. वितळला नाही. एप्रिल महिना आहे, नाशिकला बाहेर ठेवला असता तर वितळला असता. पुन्हा पाच ‘का’ करायला बसलो. चौथ्यावर ‘ओव्हनचं वय झालं’ असं उत्तर आलं. पाचव्याच्या वेळी चहा.

संध्याकाळी राखी विचारायला आल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात मीना म्हणाली, बुकिंग करू नका, केक माझा. राखींनी विचारलं, ओव्हन झाला? मीना म्हणाली, होईल.

कशावर करणार आहे ही केक? अख्ख्या कॉलनीसमोर हिची फजिती होणार आणि जबाबदारी घेतली होती मी. रात्रभर झोप नाही. मीना मात्र गाढ झोपली होती, याचं जास्त वाईट वाटलं.

गुप्त संकल्प : उद्या कोणाला न सांगता बेकरीतून केक आणणे. मीनाची अब्रू वाचवणे हे माझं कर्तव्य आहे.

१३ एप्रिल, सोमवार. संध्याकाळ.

तीन बेकऱ्या फिरलो. उद्याचे सगळे केक आधीच बुक. चौथ्या बेकरीत एकच मिळाला, कोणीतरी न्यायला आलंच नाही असा. दोन किलो, पायनॅपल, गुलाबी. वर बाहुली. खाली ‘हॅपी बर्थडे स्वरा’. दुकानदार म्हणाला, काका, नाव खरवडून निघेल. मी म्हटलं, बाहुली? तो म्हणाला, ती पण निघेल, पण मग खड्डा दिसेल.

स्कूटरवर पायाजवळ खोका ठेवून सावकाश घरी आलो. जिन्यात पहिल्या मजल्यापासून वास. लोणी, व्हॅनिला, भाजलेला मैदा. आधी वाटलं खोक्यातून येतोय. खोक्याला नाक लावलं. खोक्यातून नव्हता येत.

दार उघडंच होतं. ओट्यावर दोन केक जाळीवर निवत होते, तिसरा ओव्हनमध्ये फुगत होता. काचेतून दोन्ही रॉड लाल दिसत होते. राखी खाली बसून चौथ्या ट्रेला तूप लावत होत्या. ओट्याच्या कडेला माझा नॉब पडला होता, दोन तुकडे होऊन. त्यातला गोंद मात्र शाबूत. मीनाच्या हातात पक्कड. राखींच्या घरची.

राखी म्हणाल्या, काका, काकूंनी बटण फोडलं, दांडी पक्कडीने फिरवली आणि पेटला की लगेच! बटण भलतीकडेच तोंड करून चिकटलेलं होतं. ‘दोन्ही रॉड’ वाचून लावलं की आत खरं तर ‘बंद’ व्हायचं.

गुलाबी खोक्याकडे मीनाने एकदा पाहिलं. वरच्या प्लास्टिकमधून बाहुली दिसत होती. मला काहीतरी बोलायचं होतं. इतके दिवस तिला एक वाक्य पुरं करू दिलं नाही, याची तिथे, खोका धरून उभं असताना, भयंकर लाज वाटली. आणि त्याहून जास्त आनंद झाला, की केक झाला. दोन्ही एकदम झाल्यामुळे मी फक्त विचारलं, फ्रिजमध्ये जागा आहे का?

१४ एप्रिल, मंगळवार.

कॉलनीच्या मंडपात केक कापला. चार ट्रे जोडलेला, साधा, वर नुसतं निळं आयसिंग. फोटोवाला पाहिजे म्हणणारी पोरंच सगळ्यात पुढे प्लेट घेऊन उभी. रंगूबाई म्हणाल्या, पहिल्या वर्षीचीच चव हाय गं, तवा निसती चार घरं होती. मीनाने पदर डोळ्याला लावला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मांडवात धूप होता असं मी लोकांना सांगितलं.

राखींनी माइकवर मीनाचे आभार मानले. मग म्हणाल्या, आणि प्रफुल्लकाकांचेही, त्यांनी ओव्हनवर खूप मेहनत घेतली. टाळ्या पडल्या. मी हात जोडले. शेजारी मीना एवढी हसली की तिला ठसका लागला.

१५ एप्रिल, बुधवार. सकाळ.

नाश्त्याला गुलाबी केक. काल रात्रीही तोच होता. मीना पोहे खाते आहे.

पक्कड सापडली. माळ्यावर, ‘पक्कड’ असं लेबल लावलेल्या खोक्यात. लेबल भिंतीकडे तोंड करून होतं. म्हणजे पद्धत बरोबर होती, फक्त खोकं उलटं होतं.

पक्कड घेऊन अभिमानाने स्वयंपाकघरात गेलो तर खिळ्याला राखींची पक्कड सुतळीने टांगलेली, आणि खाली माझ्याच मशीनमधून काढलेलं लेबल : ‘ही इथेच’. घरात अखेर माझी पद्धत रुजली, याचं समाधान आहे.

पाच ‘का’चा कागद पूर्ण करायला बसलो. चार झाले. पाचव्याला पेन थांबलं. उत्तर येत होतं. मी चहाच्या हाकेची वाट पाहिली. हाक आली नाही. मीना पेपर वाचत होती.

मग मीच उठलो आणि चहा टाकला. लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदा. आलं किसून घातलं, ‘साखर’ लेबल असलेल्या डब्यातून दोन-दोन चमचे घातले, कप नेऊन तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, तू ओव्हन कसा चालवायचीस ते आता सविस्तर सांग, मी मधे बोलणार नाही.

मीनाला बरं वाटलेलं दिसलं. तिने पेपर बाजूला ठेवला, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप खाली ठेवला. म्हणाली, ओव्हनचं नंतर सांगते. आधी ऐका, फेब्रुवारीपासून त्या डब्यात मीठ आहे.