मवाबासाठी रडणाऱ्या संदेष्ट्याविषयी धाकट्या जावेस

चि. सौ. धाकटीस,

थोरल्या जावेचे आशीर्वाद. (मायन्यात 'प्रिय' लिहावं की नाही यावर तीन कागद फुकट गेले, म्हणून शेवटी तो शब्दच गाळला. तुला हवा असल्यास मनात घालून घे.) इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे ह्यांचा गुडघा आणि माझी पाठ सोडून बाकी सर्व. भाऊजींचा खोकला आणि तुझं पित्त कसं आहे ते कळव. दोन वर्षांत पत्र का नाही असं विचारू नकोस. तुझंही आलेलं नाही, तेव्हा त्या बाबतीत आपण दोघी सारख्याच.

पत्राचं कारण असं की गेल्या गुरुवारी तुझं नाव चारचौघांत निघालं, आणि ते माझ्याच तोंडून. तुझ्या कानावर भलतंच काही जाण्याआधी मीच सगळं सांगते. सुरुवात झाली आपल्या पाळकसाहेबांच्या इब्री ग्रंथापासून. त्यांचा तो जुना, कणा मोडलेला ग्रंथ माझ्याकडे बांधणीला आला होता. मी फर्मे, म्हणजे पानांचे शिवलेले गठ्ठे, उसवले, पुन्हा शिवले, खळ लावून दाबात ठेवले, कापडाचा पुठ्ठा चढवला आणि वर सोनेरी अक्षरं ठोकली. इतकी सुबक बांधणी पंचवीस वर्षांत झाली नसेल. फक्त इब्री भाषा उजवीकडून डावीकडे जाते आणि तिचं पुस्तक आपल्या पुस्तकाच्या शेवटाकडून उघडतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे सोनेरी नाव बसलं ते मागच्या बाजूला. पाळकसाहेबांनी कौतुकाने पुस्तक उघडलं आणि पहिल्याच पानावर त्यांना समाप्ती दिसली. माणूस इतका सज्जन की चकार शब्द काढला नाही. तेव्हापासून दर गुरुवारी ते तो ग्रंथ हातात घेतात, उघडतात, उलटा करतात आणि मग वाचतात. एवढं मात्र ते सगळ्या वर्गासमोर करतात.

त्यात त्यांचा घसा बसला. डॉक्टरांनी पंधरा दिवस बोलायचं नाही असं बजावलं. तर दुकानात येऊन त्यांनी माझ्यापुढे चिठ्ठी ठेवली, 'गुरुवारचा शास्त्रवर्ग तुम्ही घ्यावा. विषय मवाबाविरुद्धचा न्याय. इब्री ग्रंथ तुमच्या हाताखालून गेलेलाच आहे.' आता माझ्या हाताखालून वीज मंडळाचे नियमही गेले आहेत, म्हणून काही मी खांबावर चढत नाही. मी पुस्तकाची पाठ शिवते, त्याचं पोट वाचत नाही. पण त्या उलट्या पुठ्ठ्यापुढे मला नाही म्हणवेना.

तर मवाब म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. (तू वर्गाला फारशी आली नाहीस. यायचीस तेव्हा मागच्या बाकावर पेंगायचीस.) मवाब हा संदेष्ट्याच्या देशाचा शेजारी. मध्ये खारा समुद्र, पलीकडे मवाबाचे डोंगर. शेजारी आणि वर भावकीतला, कारण यांच्या मूळपुरुषाच्या पुतण्याचा तो वंश. शेजार आणि भावकी एकत्र आली की काय होतं ते तुला मी सांगायला नको. देवाच्या नावाने संदेष्टा सांगतो की मवाबाचा गर्व फार झाला, फुशारक्या फार झाल्या, आता एका रात्रीत नगरं ओसाड पडतील, लोक डोकी भादरून गच्चीगच्चीवर आकांत करतील. खरं सांगते, माझ्या मराठी शास्त्रात हे वाचताना मला तरतरी आली. वही घेऊन बसले, शास्त्र उतरवलं आणि समासात भराभर उदाहरणं लिहीत गेले. गर्वापुढे लिहिलं, धाकटीने जिन्यातली खिडकी उघडी टाकून माझ्या ओल्या पुठ्ठ्यांवर धूळ बसवली ती. फुशारकीपुढे लिहिलं, धाकटी म्हणाली होती की हवा काही तुमच्या बापाची नाही, ते. असं करत दोन पानं भरली. 'तुम्ही गेलात तर मला मोकळा श्वास घेता येईल' असं मी म्हणाले, भाऊजींनी बदली मागून घेतली आणि महिन्यात तुम्ही समोरच्या जागेतून सामान उचललंत, तेही मवाबाच्या पळून जाण्याशेजारी नीट लिहिलं. लिहून झाल्यावर वाटलं की या विषयावर माझ्याइतका अधिकार कुणाचाच नाही.

गुरुवारी वर्ग भरला. अकरा माणसं, पाळकसाहेब गळपट्टा गुंडाळून पहिल्या रांगेत. मी उभी राहून जोरात सुरुवात केली. पण वहीत शास्त्र कुठलं आणि समास कुठला हे चष्म्याला कळेना. दीबोन उद्ध्वस्त, हेशबोन आक्रोश करतंय, एलाले रडतंय, धाकटी फार गर्विष्ठ झाली आहे, असं मी एका दमात वाचून गेले. सगळ्यांनी उतरून घेतलं. कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार तुला आठवत असतील, टाचणी पडली तरी नोंद करणारे. ते आपल्या शास्त्रातल्या नकाशावर बोट फिरवत म्हणाले, "बाई, बाकीची सापडली. हे धाकटी कुठे आलं? समुद्राच्या अलीकडे की पलीकडे?"

मी म्हणाले, "पलीकडे. आता फार लांब."

म्हणाले तर खरी, पण शिरस्तेदारांचं बोट नकाशावरून हलेना. वेळ मारून न्यायला मी वही ठेवून शास्त्रातलीच पुढची ओळ वाचायला घेतली. पुढची ओळ मी घरी वाचलीच नव्हती, कारण माझी दोन पानं आधीच भरली होती. तिथे हा संदेष्टा, ज्याने इतका वेळ मवाबाला धारेवर धरलं, तोच म्हणतो की माझं काळीज मवाबासाठी तुटतंय, मी त्याच्या मळ्यांसाठी रडतो. मला वाटलं बांधणीत फर्मा चुकला. मागे पाहिलं, पुढे पाहिलं. पानं बरोबर होती.

शिरस्तेदार म्हणाले, "ही थट्टा आहे. शत्रूला चिडवायला खोटं रडायचं, अशी रीतच होती त्या काळी. विद्वानही म्हणतात." दोघातिघांनी माना डोलावल्या. पाळकसाहेबांनी चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे दिलं, 'तुम्हाला काय वाटतं?'

मला काय वाटणार? मी पुन्हा ती गावांची यादी वाचली. अगं, पंधरावीस गावं आहेत. कुठल्या चढणीवर लोक रडत चढतात, कुठला ओढा आटला, कुठलं गवत वाळलं, कुठल्या गावची द्राक्षवेल कुठवर पसरली होती, सगळं त्याला ठाऊक. मी म्हणाले, "शिरस्तेदार, थट्टा करणारा माणूस एवढी गावं पाठ करत नाही. मवाब बुडालं म्हणाला असता तरी पुरलं असतं. हा गल्लीगल्लीत हिंडलेला माणूस आहे. हा तिथे कुणाच्या तरी घरी पाणी प्यायलाय." आणि मग माझ्या तोंडून काय काय निघालं ते मला नीट आठवत नाही. धाकटीच्या स्वयंपाकघरातलं दुसरं बटण दाबल्याशिवाय पहिला दिवा लागत नाही, तिचा वरचा खण ओढताना खालून गुडघा लावावा लागतो, तिच्या मोरीत सकाळी सहाला बादली भरल्याचा आवाज आला की मी उठायची आणि आता मला घड्याळ लावावं लागतं, असं बरंच. बोलता बोलता आवाज गेला. लोकांना वाटलं पाळकसाहेबांची साथ मला लागली. कुणीतरी घशाची गोळी दिली, कुणी खिडकी लावली. शिरस्तेदारांनी मात्र आपल्या वहीत 'थट्टा' हा शब्द खोडला आणि नकाशावर समुद्रापलीकडे एक टिंब काढून शेजारी बारीक अक्षरात धाकटी असं लिहिलं. त्यांनी ते मुद्दाम केलं की त्यांना अजून ते गावच वाटतंय, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हल्ली हे संध्याकाळी दार अर्धं उघडं टाकून खुर्चीत बसतात. वारा येतो म्हणतात. त्या बाजूने वारा येत नाही. जिन्यात पाऊल वाजलं की मान वर करतात, आणि मी विचारलं की म्हणतात, "कुठे काय, मानेला रग लागली होती."

तर असा माझा वर्ग झाला. भाऊजींना नमस्कार सांग. जमलं तर दोन ओळी लिही, नाही जमलं तर नुसता कोरा कागद पाठव. तुझ्या अक्षरातला पत्ता तरी दिसेल.

तुझी,
थोरली

ता. क. : यावरून खिडकीच्या बाबतीत माझं चुकलं होतं असा अर्थ काढू नकोस. धूळ बसतच होती.

ता. क. दुसरा : तुमच्या जागेत आलेले हिशेबनीस महिनाअखेर सोडून चालले. मालकांनी जागा दाखवायला किल्ली माझ्याकडे दिली आहे. आतापर्यंत चार बिऱ्हाडं येऊन गेली. पहिल्यांना मी सांगितलं की पाणी दिवसाआड येतं. दुसऱ्यांना सांगितलं की भिंतींना ओल आहे. तिसरं जोडपं तरुण आणि फार गोड होतं, त्यांना सांगितलं की समोरची बाई भांडखोर आहे (हे एकच खरं). चौथ्यांना तर काहीच सुचेना म्हणून किल्ली हरवली म्हणाले, आणि ती माझ्या हातातच होती. भाऊजी पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत, हे काही मी मोजत बसलेले नाही, ह्यांच्या बोलण्यात आलं. पाचवं बिऱ्हाड रविवारी अकरा वाजता येणार आहे. त्यांना सांगायला माझ्याकडे आता एकच कारण उरलंय, की जागा गेली. ते मी खोटं सांगायचं की खरं, एवढं शनिवारपर्यंत कळव.