वंचक आणि इतर किनारी पक्षी

१२ डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळ.

पोहोचलो. खोलीतून समुद्र दिसतो, एवढंच बरं. घरमालकीण दारातच म्हणाली, साहेब, गरम पाणी सातनंतर. मी म्हटलं, आम्ही पक्षी बघायला आलोय, पहाटे निघणार. ती म्हणाली, मग गारच घ्या. या बाईशी बोलणं पहिल्या दिवशीच बंद केलेलं बरं.

बायकोला बढतीवर बदली आलीय. दुसऱ्या शहरात. होकार की नकार, रविवारपर्यंत मेल करायचाय. निर्णय माझ्यावर टाकलाय. म्हणते, तू नुसतं ‘राहा’ म्हण, मी राहीन. पण तोंडाने म्हण. असल्या गोष्टी मागून घ्यायच्या असतात का? चार दिवस सोबत काढले की तिचं तिलाच कळेल. मी बोलणार नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार.

पहाटे उठवलं. ही म्हणाली, ही सुट्टी आहे की शिक्षा? लाल स्वेटर घालून निघाली. बदलायला लावला. खाडीवर हिने थर्मासचं झाकण कर्रकन उघडलं. चिखल्यांचा अख्खा थवा उडाला. मी एक शब्द बोललो नाही. दुपारपर्यंत.

मुद्दाम एकच दुर्बीण आणलीय. दोघांत एक असली की जवळीक वाढते. तिने दोनदा मागितली. दोन्ही वेळा नेमकं काहीतरी महत्त्वाचं दिसत होतं.

उद्यापासून चिडायचं नाही. तिने चिडवलं तरच.

१४ डिसेंबर, शनिवार. सकाळ.

वाळूवर दुर्मिळ पाहुणा! बराच वेळ निश्चल. हिला म्हटलं, बघ, याला म्हणतात एकाग्रता. ती सरळ चालत गेली आणि पाहुणा हातात घेऊन आली. रबरी चप्पल. तिला कोणी सांगितलं होतं जायला?

दुपार.

मोठी प्रगती. ही गॅलरीत भावाशी फोनवर बोलत होती. माझ्या मेहुण्याला स्वतःचं मत नाही, म्हणून बहिणीचं सगळं ऐकून घेतो. आतून स्पष्ट ऐकू आलं: अगदी वंचक रे. चिखलात मान आखडून बसायचं, समोर असून नसल्यासारखं, आणि जवळ गेलं की फुर्र.

वर्णन अचूक! वंचक म्हणजे चिखलाच्या रंगाचा बगळा, काल मीच तिला समजावला होता. दुर्बीण घेऊन धावलो. कुठे, म्हणून विचारलं. हिने माझ्याकडे पाहिलं, इथेच, म्हणाली आणि फोन ठेवला. मी सगळी खाडी चाळली. नव्हता. उडाला असणार.

नंतर तिला समजावलं, की वंचक अगदी सामान्य पक्षी आहे, त्याचं एवढं कौतुक नको. म्हणाली, लग्नाआधी दुर्मिळ वाटला होता. तिला तेव्हापासून पक्ष्यांची आवड आहे हे मला आजच कळलं.

एकूण, ही रमलीय. बदलीचा विषय संपल्यात जमा.

१५ डिसेंबर, रविवार.

ओहोटी. सुरयांचा मोठा थवा डोक्यावर घिरट्या घालत होता. आता उतरणार, आता उतरणार. नेमकं तेव्हाच हिने विचारलं, मेल लिहितेय, राहू की जाऊ, काहीतरी बोल. मी डोळ्यांवरची दुर्बीण न काढता बोट वर केलं आणि ‘श्श’ म्हणालो.

ती बरं म्हणाली. थवा उतरला. मोबाइल टिंगकन वाजला. थवा उडाला. मेल गेल्याचा आवाज होता. सायलेंटवर ठेव म्हणून हिला हजारदा सांगितलंय.

खोलीवर आल्यावर स्पष्ट केलं, की थवा नीट बघून झाल्यावर मी ‘राहा’ म्हणणारच होतो. ती बॅगेची चेन ओढता ओढता थांबली. म्हणाली, मग आता म्हण. मी म्हटलं, आता मेल गेला, आता म्हणून काय उपयोग?

चेन लागली.

१६ डिसेंबर, सोमवार.

ही सकाळच्या गाडीने गेली. सोडायला गेलो नाही. गेलो असतो तर तिला वाटलं असतं, मला फरक पडतो.

माझी सुट्टी शिल्लक आहे. वाया घालवणार नाही. आज फक्त खिडकीतून निरीक्षण.

मालकीण डोकावली, जेवायला एकच ना? मी ठणकावून दोन म्हणालो. तिने दोन्ही ताटं माझ्याच पुढ्यात मांडली. एक संपवलं. दुसऱ्याकडे बघत राहिलो, तेव्हा ती म्हणाली, कठड्यावर ठेवा, कावळे खातील.

ठेवलंय. दुर्बीण लावून बसलोय. अजून एकही आलेला नाही.