गंगीनं चाटलेली जागा

५ नोव्हेंबर
वत्सला आणि मी शाळेत एकाच बाकावर बसायचो. सिस्टर फळ्याकडे वळल्या की बाकाखाली एका पेरूचे दोन भाग व्हायचे. पन्नास वर्षांनी आज तिच्या सिन्नरजवळच्या मळ्यात राहायला आले. नऊ गाई आणि सून सायली, तिला चौथा महिना. मी धार काढायला बसले तर गोठ्यात कामाला असलेल्या फुलाबाई म्हणाल्या, “मॅडम, गाय हाय ती, नळ नाय!” पोट दुखेस्तोवर हसलो.

९ नोव्हेंबर
तापवलेल्या दुधाचा वास सायलीला सोसत नाही. म्हणून रोज सकाळी धारोष्ण दुधाचा पेला मीच नेते. मला मूल नाही. तिच्या ओठांवरचा फेस पुसताना फार बरं वाटतं.

१६ नोव्हेंबर
गंगी गाय सातव्या महिन्यातच गाभडली. मेलेलं वासरू मी उघड्या हातांनीच पोत्यात गुंडाळलं. दूध वाढावं म्हणून फुलाबाईंनी रिवाजाप्रमाणे वासरामागून पडलेली वार वडाला टांगली. खालीच गाईंची गव्हाण.

२५ नोव्हेंबर
गंगी वडाखालची रिकामी माती चाटते, नुकत्या जन्मलेल्या वासराला चाटावं तशी. आज आणखी दोन गाभण गाई तिच्याजवळ.

२ डिसेंबर
त्या दोघीही गाभडल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं. सांसर्गिक गर्भपात, म्हणाले. वार खोल पुरायला हवी होती. कच्च्या दुधातून हा रोग माणसांनाही होतो. घरात कुणी गरोदर? वत्सला म्हणाली, सून आहे, पण आम्ही दूध उकळूनच पितो.
मी उठून मागच्या दारी गेले.
आजचा पेला ओतून दिला. आधीचे सगळे सायलीच्या पोटात.

८ डिसेंबर
रोज संध्याकाळी ताप. उशी घामानं भिजते. भर दुपारी ओसरीवर खुरं वाजतात — ओली. कुणीतरी खरखरीत जिभेनं माझे हात चाटतं.

१२ डिसेंबर
सायलीलाही ताप. म्हणाली, मावशी, बाळ कालपासून हललं नाही.
तिच्या खाटेखालची फरशी ओली. चाटलेली.

१३ डिसेंबर
वत्सलाला सांगायला गेले — जीभ वळेना — गाई आता वडाकडे बघत नाहीत. सगळ्या सायलीच्या खिडकीकडे —

१४ डिसेंबर
उठवत नाही. ही वही डॉक्टरांना द्या, आत्ताच. कच्चं दूध मी दिलं. सायलीला आजच नाशिकला न्या. माझ्या पाटल्या तिला. शाल फुलाबाईंना. पुस्तकं गावच्या शाळेला. वत्सलाची — माफी मागते.
मी विणलेलं टोपडं बाळालाच. खाटेशी जे ओलं उभं आहे, त्याला नाही. त्याला —